क्रायसिस कमिटीतली चिठ्ठी मराठीत चालू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात कॉलेजच्या पोरांच्या संयुक्त राष्ट्र परिषदांवर, म्हणजे ज्याला सगळे एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स) म्हणतात, जिथं पोरं देशांचे प्रतिनिधी म्हणजे डेलिगेट होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करतात, त्यावर एक लेख आला होता आणि त्याच्यावर नंतर वाचकांची दोन पत्रं पण आली. एकांनी लिहिलंय की हा नुसता कोट-टाय घालून इंग्रजी झाडायचा कार्यक्रम आहे, दुसऱ्यांनी लिहिलंय की त्यापेक्षा पोरांना वक्तृत्व स्पर्धेला पाठवा, खर्च तरी वाचेल. दोन्ही पत्रं वाचली आणि गप्प बसवेना म्हणून लिहितेय. मी सांगलीत राहते, कॉलेजात असताना ह्या परिषदांना डेलिगेट म्हणून जायची, आता नोकरी करते पण सांगली, कराड, साताऱ्याकडं कुठं परिषद असली आणि सुट्टी जुळली की आयोजक बोलावतात आणि मी बॅकरूमला बसते. बॅकरूम म्हणजे काय ते पुढं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या खोलीबद्दलच आहे.

आधी हे मान्य करते की टीका करणाऱ्यांनी जे बघितलं ते खोटं नाही. मोठ्या हॉलमध्ये साठ-सत्तर पोरं, प्रत्येकासमोर एका देशाचा प्लॅकार्ड, विषय हवामान बदल नाहीतर निर्वासितांचा प्रश्न, दोन दिवस भाषणं, मध्ये चहा, आणि शेवटी एक लांबलचक ठराव ज्यात सगळेजण आवाहन करतात, शिफारस करतात आणि चिंता व्यक्त करतात. आता खऱ्या महासभेतले ठराव पण बरेचसे असेच असतात, ते देशांवर बंधनकारक नसतात, त्यामुळं पोरं काही चुकीचं शिकतात असं नाही. पण ज्याचं इंग्रजी सफाईदार तो तिथं पुढं जातो आणि ज्याचं नाही तो दोन दिवस पाणी पीत बसतो, हे मी पण बघितलंय. पत्र लिहिणाऱ्या दोघांनी बहुतेक हाच हॉल बघितला असावा. त्याच कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर जी क्रायसिस कमिटी चालू असते तिकडं कुणी पाहुणा सहसा फिरकत नाही, फोटोग्राफर पण नाही, कारण तिथं फोटोत घेण्यासारखं काही नसतं, वीसेक पोरं कागदावर मान खाली घालून लिहीत बसलेली असतात.

क्रायसिस कमिटी म्हणजे एखाद्या आणीबाणीत झटपट निर्णय घ्यायची कमिटी, त्यात देश नसतात, माणसं असतात. म्हणजे समजा विषय १९६२ चा क्युबाचा पेच, जेव्हा सोव्हिएत रशियानं क्युबात क्षेपणास्त्रं आणली आणि अमेरिकेशी युद्धाची वेळ आली, तर खोलीत बसलेली पोरं केनेडींच्या सल्लागार मंडळातली माणसं असतात, कुणी संरक्षणमंत्री, कुणी सेनापती, कुणी राष्ट्राध्यक्षांचा भाऊ आणि ॲटर्नी जनरल. प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पदाप्रमाणं अधिकार दिलेले असतात, ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात. संरक्षणमंत्र्याला विमानं हलवता येतात पण राजदूताला बोलावून घेता येत नाही, ते परराष्ट्रमंत्र्याचं काम. खोलीत समोर चेअर बसलेला असतो, तो बोलायची पाळी देतो, मतदान घेतो. आणि शेजारच्या खोलीत बॅकरूम. ह्या खोलीच्या बाहेरचं सगळं जग म्हणजे बॅकरूम. मॉस्को आम्हीच, क्युबा आम्हीच, पेपरवाले आम्ही, समुद्रातली पाणबुडी आम्ही, अमेरिकेतली घाबरून किराणा भरून ठेवणारी जनता पण आम्हीच.

डेलिगेटकडं दोन हत्यारं असतात. एक डायरेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या कमिटीनं मिळून काढलेला आदेश, तो चार-पाच ओळींचा असतो, पाच-दहा मिनिटं त्याच्यावर चर्चा होते, दुरुस्त्या होतात, साध्या बहुमतानं पास होतो आणि लगेच आमच्याकडं येतो. दुसरी चिठ्ठी, जी त्यानं एकट्यानं, गुपचूप, स्वतःच्या अधिकारात लिहायची. आपल्या सेक्रेटरीला, आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला, नाहीतर समोरच्या गटातल्या कुणाला. आम्ही ती वाचतो, ठरवतो की हे खरंच घडू शकतं का, किती घडेल, आणि उत्तर लिहून परत पाठवतो. आणि अर्ध्या-पाऊण तासानं आमच्यातला एकजण कमिटीत जाऊन क्रायसिस अपडेट देतो, म्हणजे तुम्ही जे आदेश काढले आणि ज्या चिठ्ठ्या लिहिल्या त्याचा बाहेर काय परिणाम झाला ती बातमी. की मग परत सगळ्यांची धावपळ. दोन दिवसांच्या कमिटीत असे दहा-पंधरा आदेश सहज निघतात आणि मोठ्या हॉलमध्ये तेवढ्याच वेळात एक ठराव निघतो, ह्यावरून फरक कळेल.

क्युबाचा विषय पोरांना का आवडतो तर तिथं खऱ्या इतिहासातच एवढे फासे पडलेत की आम्हाला काही वेगळं रचावंच लागत नाही. १६ ऑक्टोबरला केनेडींसमोर क्षेपणास्त्रांचे फोटो आले आणि २८ तारखेला पेच सुटला, एवढे तेराच दिवस. त्यात २६ ला सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांचं एक नरमाईचं पत्र येतं, २७ ला दुसरं येतं ज्यात तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढायची अट असते आणि त्याच दिवशी क्युबावर अमेरिकेचं विमान पाडलं जातं. आता उत्तर कुठल्या पत्राला द्यायचं? खऱ्या मंडळानं पहिल्याला दिलं आणि तुर्कस्तानचं आश्वासन मागच्या दारानं, राष्ट्राध्यक्षांच्या भावानं सोव्हिएत राजदूताला भेटून दिलं. म्हणजे बघा, उघड आदेश एक आणि गुपचूप चिठ्ठी दुसरी, आणि दोन्ही जुळल्या म्हणून जग वाचलं. हे पुस्तकात वाचलं तर परीक्षेपुरतं लक्षात राहतं, खोलीत बसून दोन्ही पत्रं हातात पडली की पोरांच्या कपाळावर घाम येतो. एकदा एक अकरावीचा पोरगा सेनापतीच्या भूमिकेत होता, सकाळपासून बॉम्ब टाका बॉम्ब टाका म्हणत होता, आम्ही त्याला उत्तरात एवढंच विचारलं की पहिल्या हल्ल्यात सगळी क्षेपणास्त्रं नष्ट होतील याची खात्री तुमच्या विमानदलाचे अधिकारी देत नाहीयेत, उरलेल्यांचं काय करायचं ते कळवा. तो बराच वेळ कागद धरून बसला. मग त्यानं नाकेबंदीच्या बाजूनं हात वर केला.

पण माझं म्हणणं क्युबाबद्दल नाहीये. आपल्याकडच्या विषयावर क्रायसिस कमिटी केली तर काय होतं ते मला सांगायचंय, कारण ते मी बघितलंय.

२०१६ चा एप्रिल आठवा. लातूरला नळाला पाणी नाही आणि आपल्या मिरजेतून रेल्वेनं पाणी पाठवायचं ठरलं, जलदूत गाडी. हाच विषय एका परिषदेत आम्ही घेतला होता. पोरं कोण तर सांगलीचे कलेक्टर, लातूरचे कलेक्टर, लातूर महापालिकेचे आयुक्त, रेल्वेच्या पुणे विभागाचे अधिकारी, पाणीपुरवठा खात्याचे इंजिनियर, सांगलीतले शेतकरी प्रतिनिधी, साखर कारखान्याचे चेअरमन, दोन आमदार. पहिल्या अर्ध्या तासात पहिला डायरेक्टिव्ह पास होऊन आला, टाळ्या वाजवून. त्यात लिहिलं होतं की लातूरच्या जनतेला रेल्वेने तातडीने पाणीपुरवठा करण्यात यावा. बस्स एवढंच. आम्ही तो परत पाठवला, खाली प्रश्न लिहून. पाणी कुठल्या डब्यातनं पाठवणार? रेल्वेकडं टँकरचे डबे आहेत पण त्यातनं तेल जातं, ते आतून कोण धुणार आणि कुठं धुणार? डबा भरायला पाणी नदीतनं स्टेशनात कुठल्या पाईपनं येणार? मिरज ते लातूर पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी मार्गे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढा वेळ रूळ मोकळा कोण ठेवणार? बिल कुणाच्या नावानं फाडायचं? आणि सांगलीत स्वतःच्याच तालुक्यांना टँकर चालू असताना पाणी बाहेर का पाठवताय असं विचारायला माणसं स्टेशनात आली तर काय सांगणार?

खोलीत एकदम शांतता. मग हळूहळू चिठ्ठ्या सुरू झाल्या. ज्याला रेल्वेची भूमिका होती त्यानं फोनवर शोधून काढलं की खरोखरच त्यावेळी डबे राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुऊन आणले होते, त्यानं तसा आदेश लिहिला आणि वर तारीख टाकली. इंजिनियरनं पाईपचं बघितलं. कारखान्याच्या चेअरमननं आधी विरोधाची चिठ्ठी पाठवली, मग आमदारांशी काहीतरी सौदा करून पाठिंब्याची पाठवली, तो सौदा काय होता ते आम्हाला पण शेवटपर्यंत नीट कळलं नाही आणि खरं सांगायचं तर राजकारण म्हणून तो चोख होता. खऱ्या पहिल्या खेपेला दहा डबे गेले, डब्यात साधारण पन्नास हजार लिटर म्हणजे एकूण पाच लाखाच्या आसपास, नंतर पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटरची. पोरांनी पहिली गाडी दहाच डब्यांची काढली, आम्ही काही न सांगता, कारण तोपर्यंत त्यांना कळलं होतं की पन्नास डबे धुऊन, भरून, तपासून पहिल्याच दिवशी निघत नसतात.

आणि ह्याच कमिटीत लातूर महापालिका आयुक्त म्हणून एक मुलगी होती, जत तालुक्यातली. सकाळभर एक शब्द बोलली नव्हती. कमिटीची भाषा इंग्रजी होती, तसं पत्रिकेतच छापलेलं, आणि तिला उभं राहून बोलायची भीती वाटत होती हे दिसत होतं. जेवणानंतर तिची एक चिठ्ठी आली, मराठीत, पेन्सिलनं लिहिलेली. गाडी सुटायची सगळी तयारी झाली होती, सगळेजण मिरजेत काय करायचं त्यातच गुंतले होते, आणि हिनं लिहिलं होतं की गाडी लातूरला पोचल्यावर पाणी उतरवून ठेवायचं कुठं हे कुणी बघितलेलं नाही. स्टेशनजवळ एक मोठी विहीर नाहीतर टाकी आधी रिकामी करून साफ करून घ्यावी, उतरवायला पंप दोन ठेवावेत कारण एक बंद पडतोच, वॉर्डनिहाय टँकरच्या फेऱ्यांचा कागद आदल्या दिवशी चौकात लावावा आणि पोलीस गाडीजवळ न ठेवता टँकरच्या नळाजवळ ठेवावेत. आणि खाली एक ओळ होती, "आमच्याकडे भांडणं पाणी आल्यावर होतात, यायच्या आधी नाही."

बॅकरूममध्ये आम्ही ती चिठ्ठी एकमेकांना वाचून दाखवली. पुढचा अख्खा अपडेट आम्ही त्याच्यावर रचला, की लातुरात पाणी शांतपणे वाटलं गेलं आणि शेजारच्या एका शहरानं, जिथं अशी तयारी नव्हती, आयुक्तांना फोन करून कागद मागवला. ती बातमी वाचल्यावर पोरं तिच्याकडं वळून बघायला लागली आणि संध्याकाळपर्यंत ती उभी राहून मराठीत बोलत होती, चेअरनं अडवलं नाही. पण बक्षीस तिला मिळालं नाही. बेस्ट डेलिगेट ठरला तो जास्तीत जास्त वेळा बोललेला मुलगा, छान इंग्रजी बोलला होता, पण त्याच्या एकाही आदेशानं बाहेरच्या जगात काही हललं नव्हतं. मी भांडले तेव्हा मला सांगण्यात आलं की परिषदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे आणि मराठी चिठ्ठी गुणांकनात धरता येत नाही.

संपादक साहेब, हा नियम का आहे ते मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. त्यात मराठी नाही, हिंदी पण नाही. ठीक आहे, महासभेच्या हॉलमध्ये इंग्रजी ठेवा, ज्यांना बाहेरच्या परिषदांना जायचंय त्यांना सराव होईल. पण क्रायसिस कमिटी काही संयुक्त राष्ट्रांची नसते. ती कधी मंत्रिमंडळ असते, कधी दरबार, कधी जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन बैठक. सांगलीचे कलेक्टर मिरजेच्या तहसीलदाराला पुराच्या रात्री इंग्रजीत भाषण देतात का? तिथं आदेश मराठीत निघतो, आणि तो स्पष्ट नसला तर खालचा माणूस हलत नाही. मग पोरांनी तो आदेश मराठीत लिहायला शिकलं तर त्यात कमीपणा कसला?

आणि आपल्या भागाला विषयांची काय कमी आहे. शाहू महाराज औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटून आले, ताराराणींनी त्यांच्यावर फौज पाठवली, खेडला दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि ऐन वेळी धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले. क्रायसिस कमिटी खेळलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल की ही लढाई मैदानात जिंकलेलीच नाही, आधी चिठ्ठीत जिंकलेली आहे. पुढं कान्होजी आंग्र्यांनी खुद्द पेशव्यांना म्हणजे बहिरोपंत पिंगळ्यांना कैद केलं तेव्हा बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन गेले आणि न लढता बोलणी करून आंग्र्यांना शाहूंकडं वळवून आले. आणि सगळा घोळ मिटला कधी तर १७३१ च्या वारणेच्या तहात, सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं मान्य करून, वारणा नदी हद्द धरून. ती वारणा आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या मधून वाहते आणि हरिपूरला कृष्णेला मिळते, पोरं तिथं फिरायला जातात पण ही हद्द कुणी कशी ठरवली ते त्यांना ठाऊक नसतं.

हा विषय जॉइंट क्रायसिस म्हणून घेता येतो. म्हणजे दोन खोल्या, एकीत साताऱ्याचा दरबार, दुसरीत कोल्हापूरचा, मध्ये एकच बॅकरूम. साताऱ्यानं काढलेला आदेश कोल्हापूरच्या खोलीत बातमी म्हणून पोचतो, हेर असले तर आधी पोचतो, नसले तर उशिरा. वकील, म्हणजे दूत, इकडून तिकडं पाठवता येतो. एका खोलीतल्या सरदाराला दुसऱ्या खोलीतनं गुपचूप पत्र येऊ शकतं आणि त्यानं ते शेजाऱ्याला दाखवायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं. मात्र एक पथ्य पाळावं लागतं आणि ते मी प्रत्येक आयोजकाला सांगते. ही आपली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल लोकांच्या मनात श्रद्धा आहे, तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकायचं की कुणाच्या चारित्र्यावर लिहायचं नाही, विषप्रयोग आणि खून चालणार नाहीत, जे काही डाव टाकायचे ते राज्यकारभाराचे टाका. तसंच प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात आपल्या लोकांनी चालवलेल्या समांतर सरकारचं. १९४२ नंतर नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा ह्या मंडळींनी गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, तुफान सेना उभारली, एका बाजूला इंग्रजांचे पोलीस आणि दुसऱ्या बाजूला गावगुंड. गावाचा कारभार गुप्तपणे चालवायचा म्हणजे रोज काय काय ठरवायला लागतं ह्याच्यावर अख्खी कमिटी उभी राहते, आणि कुंडल, वाळवा भागातल्या पोरांकडं तर घरात ऐकलेल्या गोष्टी असतात ज्या कुठल्या बॅकग्राउंड गाइडमध्ये, म्हणजे डेलिगेटला आधी देतात त्या माहितीपुस्तिकेत, मिळणार नाहीत.

दिल्लीचा विषय हवा असेल तर १९६२ चाच घ्या, क्युबाचा पेच चालू होता त्याच ऑक्टोबरात २० तारखेला चीननं हल्ला केला, कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि देवराष्ट्र्याचे, कराडचे आपले यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला एवढंच आपण म्हणतो आणि थांबतो. त्यांच्या टेबलावर पहिल्या आठवड्यात कुठली कागदं आली असतील, फौजेकडं बूट आणि स्वेटर किती, आसामातल्या तेजपूरचं काय झालं, अमेरिकेकडं काय मागायचं, हे पोरांना एकदा त्या खुर्चीत बसून ठरवू दे ना.

आता बॅकरूमबद्दल, कारण विषय कितीही चांगला घ्या, बॅकरूम कच्ची असली की सगळं वाया जातं. एका ठिकाणी मी बघितलं की पंचवीस डेलिगेट आणि बॅकरूमला दोनच पोरं, त्यातला एक अर्धा वेळ जेवणाच्या कूपनांच्या मागं. दुपारपर्यंत टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग लागला, उत्तर एकालाही नाही. मग पोरं काय करतात, चिठ्ठी लिहायची सोडून भाषणं करायला लागतात आणि क्रायसिस कमिटीची परत वक्तृत्व स्पर्धा होते. तळ्यात दगड टाकला आणि पाणी हललंच नाही तर कुणी दुसरा दगड टाकत नाही. माझ्या अनुभवानं वीस डेलिगेटला बॅकरूममध्ये चार माणसं तरी पाहिजेतच, शिवाय एकजण फक्त चिठ्ठ्या इकडून तिकडं न्यायला, आणि प्रत्येक चिठ्ठीवर वेळ टाकायची पद्धत पाहिजे म्हणजे कुणाची किती वेळ पडून आहे ते दिसतं. उत्तर दोन ओळींचं चालेल पण अर्ध्या तासाच्या आत गेलं पाहिजे.

दुसरा रोग खुनांचा. शहरातनं बघून आलेली पोरं पहिल्या तासातच चिठ्ठी पाठवतात, अमक्याला मारा, तमक्याच्या गाडीत बॉम्ब ठेवा, आणि आळशी बॅकरूम ते मंजूर करते कारण अपडेट सनसनाटी होतो. हे मला अजिबात पटत नाही. मंत्र्याच्या खुर्चीतला माणूस खून करून कारभार करत नसतो. असली चिठ्ठी आली की मी विचारते, कोण करणार, त्याला किती पैसे, तो पकडला गेला तर तुझं नाव घेईल का, आणि तुझ्या पक्षातल्या बाकीच्यांना कळल्यावर ते तुझ्याबरोबर राहतील का. बहुतेक जण चिठ्ठी परत घेतात. आणि परिणाम प्रामाणिक पाहिजे. पोराचा आदेश चांगला असेल तर तो यशस्वी झालाच पाहिजे, आमच्या ठरलेल्या कथेत बसत नाही म्हणून पाडायचा नाही. बॅकरूमवाल्यांनी आधी पूर्ण गोष्ट रचून ठेवलेली असते, तिसऱ्या अपडेटला भूकंप, पाचव्याला बंड, आणि मग डेलिगेटनं काहीही केलं तरी भूकंप व्हायचाच. असं केलं की हुशार पोरं सगळ्यात आधी ओळखतात आणि लिहायचं बंद करतात.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचा विषय शेवटी घेतेय, पुराचा. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, धोक्याची पातळी पंचेचाळीस आहे. २०२१ ला परत आलं. गावभागात, मारुती चौकात, स्टँडकडं ज्यांची घरं-दुकानं आहेत त्यांना मी काय सांगू. ह्या विषयावर कमिटी करावी का ह्याच्यावर आमच्यात वाद झालेत, काहींना वाटतं लोकांच्या दुःखाचा खेळ होईल. मला वाटतं करावी, पण मेलेल्या माणसांना चिठ्ठीत आणायचं नाही, बोटी, रस्ते, धरणं, निवारे आणि निरोप एवढ्यावरच खेळायची. तीन खोल्या कराव्यात, एक सांगलीच्या कंट्रोल रूमची, एक कोयना आणि बाकी धरणं बघणाऱ्या इंजिनियरांची, एक कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची. कोयनेतनं सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि पुढं सांगलीला पोचायला वेळ लागतो, तो वेळ हीच कलेक्टरकडं असलेली सगळ्यात मोठी संपत्ती. तीन खोल्यांतले निरोप उशिरा पोचले की काय होतं ते पोरं त्यांच्या त्यांच्या डोळ्यांनी बघतील. अनेक पोरं येतानाच ठरवून येतात की सगळा दोष अलमट्टीचा, तिथं पाणी अडवलं म्हणून इकडं पूर आला. मग त्यांना सांगायचं की २०१९ नंतर पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली होती, तिनं अलमट्टीवर खापर फोडलेलं नाही आणि ते निष्कर्ष इथल्या कित्येक जाणकारांना मान्य पण नाहीत, आता तू कर्नाटकच्या मंत्र्याशी बोलायला बसलास तर समोर कुठले आकडे ठेवशील? पाणी किती वाजता किती होतं, विसर्ग कधी वाढवला, फुगवटा कुठपर्यंत. नुसतं ओरडून समोरचा दारं उघडत नाही.

अशी कमिटी पूर यायच्या आधी, जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्या झाल्या व्हायला पाहिजे असं माझं मत आहे, आणि नदीकाठच्या गावातली पोरं त्यात पाहिजेत, फी न घेता. आत्ता होतं काय की डेलिगेट फी, वर राहायचा-जायचा खर्च, कोट शिवायचा खर्च, त्यामुळं जत, आटपाडी, माण, खटावची पोरं येतच नाहीत. कोटाची सक्ती तर क्रायसिस कमिटीत काढूनच टाका, पांढरा शर्ट पुरे. मोठ्या शहरात रात्री दोनला उठवून मिडनाइट क्रायसिस करायची फॅशन आहे, ती आपल्याकडं आणू नका, मुलींना घरून पाठवणार नाहीत आणि दिवसा होत नाही असं त्यात काही नसतं.

वक्तृत्व स्पर्धेला पाठवा म्हणणाऱ्या काकांना एवढंच सांगते की वक्तृत्वाला माझा विरोध नाही, मी पण केलंय. तिथं भाषण संपलं की टाळ्या पडतात आणि मुलगा खाली बसतो. इथं आदेश दिला की अर्ध्या तासानं त्याचा जाब येतो. एकदा या आणि बॅकरूममध्ये शेजारी बसा, मी खुर्ची देते.

आयोजक कॉलेजांना आपल्या पेपरातनं माझी जाहीर विनंती आहे की येत्या परिषदेत निदान एक क्रायसिस कमिटी पूर्ण मराठीत ठेवा, बाकीच्यात इंग्रजी असली तरी चिठ्ठी आणि डायरेक्टिव्ह दोन्ही भाषांत चालतील असं नियमात छापा, आणि बक्षीस ठरवताना चेअरबरोबर बॅकरूमला पण बसवा, कारण कुणी काय लिहिलं ते फक्त बॅकरूमला माहीत असतं. आणि आपल्याला विनंती की अशी कमिटी झाली तर तुमचा एखादा बातमीदार दोन तास पाठवा. क्रायसिस कमिटीत वार्ताहराची भूमिका असते, पत्रकार परिषद घेतली जाते, पोरंच पोरांना प्रश्न विचारतात आणि ते फार गुळमुळीत असतात. रोज जिल्हा परिषदेत आणि महापालिकेत प्रश्न विचारणारा माणूस समोर उभा राहिला आणि त्यानं विचारलं की साहेब, बोटी किती आहेत आणि त्यातल्या चालू किती, तर त्या कलेक्टर झालेल्या पोराला पुढची चिठ्ठी कशी लिहायची ते आम्हाला शिकवावं लागणार नाही.

कळावे,
आपली एक वाचक,
विश्रामबाग, सांगली